गेव्युर्त्सट्रामीनर : एका शब्दाच्या वाटेने सात दिवस

पहिला दिवस : ट्रामीन

गेव्युर्त्सट्रामीनर हे एका सुगंधी द्राक्षाचे आणि त्याच्या वाइनचे नाव. त्यातले ट्रामीन म्हणजे उत्तर इटलीतले एक गाव, आणि ही सहल तिथूनच सुरू होते. व्हेरोनाहून निघालेली गाडी आदिजे नदीच्या काठाने उत्तरेला बोल्झानोकडे जाते. ट्रामीनला जायचे असेल तर मात्र बोल्झानो गाठायची गरज नाही. त्याच्या अलीकडे एक लहानसे स्थानक आहे. त्याच्या पाटीवर इटालियनमध्ये ‘एन्या-तेर्मेनो’ आणि जर्मनमध्ये ‘नॉयमार्क्ट-ट्रामीन’ असे लिहिलेले आहे. इथे फक्त प्रादेशिक गाड्या थांबतात. जलद गाडीने आलात तर त्रेंतोला उतरून गाडी बदलावी, नाहीतर गाडी स्थानक ओलांडून पुढे जाते आणि उलटा प्रवास करावा लागतो. स्थानक दरीच्या तळाशी, सफरचंदांच्या बागांमध्ये आहे आणि गाव नदीपलीकडच्या उतारावर. मधले तीन-चार किलोमीटर बसने जावेत. दक्षिण टायरोल (जर्मनमध्ये ‘टिरोल’) या इथल्या प्रांतात मुक्कामाच्या जागी बहुतेक ठिकाणी पाहुण्यांचा प्रवासपास मिळतो. त्यावर बस आणि प्रादेशिक रेल्वे दोन्ही चालतात, म्हणून खोलीवर पोचल्याबरोबर तो मागून घ्यावा.

पाटीवरची ही दोन नावे या सहलीत पुन्हा पुन्हा भेटतात. १९१९ च्या तहाने हा प्रदेश ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला, पण गावातली भाषा जर्मनच राहिली. तेर्मेनो आणि ट्रामीन ही एकाच गावाची नावे. द्राक्षाच्या नावात गेले ते जर्मन.

शब्द आधी नीट फोडून घेऊ, कारण पहिली चूक इथेच होते. जर्मन लिपीत त्याची १४ अक्षरे होतात आणि मध्ये कुठेही फट नाही. जर्मन थोडेफार येणारा माणूससुद्धा तो ‘गेव्युर्त्स्ट’ आणि ‘रामीनर’ असा तोडतो, कारण ‘गेव्युर्त्स्ट’ (मसाला घातलेले) हा जर्मनमधला रोजचा शब्द आहे. तो तोड चुकीचा. खरा सांधा सहाव्या अक्षरानंतर आहे : गेव्युर्त्स अधिक ट्रामीनर. ‘ट’ हा ट्रामीनचा. उच्चारताना जोर पहिल्या पदातल्या ‘व्युर्’वर द्यायचा आणि दुसऱ्या पदातल्या ‘मी’वर त्याहून हलका. ‘यु’ असा जो स्वर इथे लिहिला आहे त्यासाठी जीभ ‘ई’च्या जागी ठेवून ओठांचा ‘ऊ’सारखा चंबू करावा. दोन-तीनदा केले की जमते.

जर्मन जोडशब्दाचा मुख्य अर्थ शेवटच्या पदात असतो आणि आधीची पदे त्याला विशेषण म्हणून लागतात. शाळेत तत्पुरुष आणि कर्मधारय शिकलेल्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. शब्दाचे लिंगसुद्धा शेवटच्या पदावरूनच ठरते. म्हणजे हा मुळात ट्रामीनरच, कुठला तरी ‘गेव्युर्त्स’ गुण असलेला. आणि ट्रामीनर म्हणजे ट्रामीनचा. गावाच्या नावाला ‘-एर’ लावून तिथला माणूस किंवा तिथली वस्तू सांगायची ही जर्मन रीत आपल्या ‘-कर’सारखी आहे. पुणेकर, नागपूरकर, तसा ट्रामीनकर. हॅम्बर्गरमधला ‘-एर’ही हाच, तो मूळचा हॅम्बुर्गकर.

संध्याकाळी गावावरच्या टेकडीवर कास्टेलाझचे सेंट याकोब चर्च पाहायला चढावे. चढ दहा-पंधरा मिनिटांचा आहे. आतल्या भिंतींवर तेराव्या शतकाच्या सुरुवातीची चित्रे आहेत, अर्धा मासा-अर्धा माणूस अशा विचित्र प्राण्यांची. बाहेर कठड्याशी उभे राहिले की खाली सगळ्या बागा दिसतात. एक लक्षात ठेवावे. गाव मेंडेल डोंगररांगेच्या पूर्व उतारावर आहे, त्यामुळे ऊन दुपारनंतर लवकर डोंगराआड जाते. बागांचे फोटो सकाळीच काढावेत.

दुसरा दिवस : झ्योलचा उतार

सकाळी गावाच्या वरच्या बाजूला झ्योल वस्तीकडे पायी जावे. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा असेल तर तोडणी चालू असते. रस्त्याच्या कडेच्या जुन्या बागांमध्ये मांडव आहेत, त्यांना इथे ‘पेर्गेल’ म्हणतात. आपल्याकडच्या सपाट मांडवासारखे ते नसतात. ते एका बाजूने उताराकडे वर उचललेले असतात आणि घड खाली सावलीत लोंबतात. नव्या लागवडीत तारेवर उभ्या रांगा जास्त दिसतात. ओळखायची खूण सोपी आहे. घड लहान आणि गच्च, पान लहान आणि गोलसर, आणि मणी हिरवाही नाही, काळाही नाही, तर तांबूस गुलाबी. बाकी रांगांमध्ये मोठे निळसर घड दिसले तर तो फेर्नाच, तांबड्या वाइनचा वाण. त्याच्याशी आपली गाठ उद्या पडेल.

दुपारी दक्षिणेकडून, गार्दा सरोवराच्या दिशेने वारा सुरू होतो. त्याचे नाव ‘ओरा’. त्याने पाने आणि घड कोरडे होतात आणि गच्च घडात करडी बुरशी शिरायचा धोका कमी होतो. रात्री डोंगरावरून गार हवा उतरते. दिवसा साखर वाढते आणि रात्रीच्या गारव्याने आम्लता टिकते. या वाणाला दुसऱ्या गोष्टीची फार गरज आहे, कारण त्याचे दुखणेच आम्लतेचे आहे. रीसलिंग या दुसऱ्या पांढऱ्या वाणाच्या वाइनमध्ये लिटरला ७-८ ग्रॅम आम्ल सहज असते, इथे ते ५ च्या आसपास उतरते. लवकर तोडावे तर सुगंध भरलेला नसतो. सुगंधासाठी थांबावे तर साखर २४ ब्रिक्सवर (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे टक्के) जाते, अल्कोहोल १४ टक्क्यांना पोचतो आणि आम्ल गळून वाइन जिभेवर जड, तेलकट वाटते. तोडणीच्या दिवसाचा निर्णय म्हणून फक्त ब्रिक्स मोजून घेत नाहीत. मणी तोंडात टाकून साल वेगळी चावून बघतात, कारण सुगंध सालीत असतो.

आता ‘गेव्युर्त्स’. शब्दकोश पहिला अर्थ देतो ‘मसाला’, आणि तिथूनच गैरसमज सुरू होतो. ग्लासात मिरी, लवंग, दालचिनी शोधणाऱ्याची निराशा होते. नाकाला जाणवतो तो गुलाब, आणि त्याहून स्पष्ट लिची. ही नुसती कल्पना नाही. या वासामागे रोझ ऑक्साइड नावाचे संयुग आहे, ते गुलाबाच्या तेलात असते आणि लिचीतही असते. लिटरभर द्रावणात एका ग्रॅमच्या दशलक्षांश भागाचा पाचवा हिस्सा असला तरी माणसाच्या नाकाला ते कळते. जोडीला जिरॅनिऑल हे दुसरे सुगंधी संयुग. खानदेशात उगवणाऱ्या रोशा गवताच्या तेलात याच जिरॅनिऑलचे प्रमाण तीन-चतुर्थांशाच्या घरात असते. ते तेल एके काळी मुंबईच्या बंदरातून तुर्कस्तानकडे जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरले जाई, इतका तो वास जवळचा. रोशा तेल हुंगलेल्या माणसाला ट्रामीनमधल्या ग्लासात ओळखीचे काही सापडेल.

हा सुगंध सालीत बराचसा साखरेला बांधलेल्या रूपात असतो. म्हणून मणी चिरडल्यावर रस लगेच वेगळा न काढता काही तास सालीबरोबर गार ठेवतात. वेळ कमी पडला तर वाइन मुकी राहते. जास्त झाला तर सालीतला कडवटपणा आणि तांबूस रंग दोन्ही उतरतात. या वाइनच्या शेवटी जिभेच्या मागच्या बाजूला जी किंचित कडू चव राहते ती थोडी असणे वाणाला धरून आहे. घसा धरला तर हात चुकला असे समजावे.

इथल्या भाषेनेच ‘गेव्युर्त्स’चा खरा अर्थ सांगून ठेवला आहे. इटलीत या वाणाचे इटालियन नाव आहे ‘ट्रामीनर आरोमातिको’. भाषांतर करणाऱ्याने ‘मसालेदार’ घेतले नाही, ‘सुगंधी’ घेतले, आणि जोडशब्द मोडून विशेषण मागे टाकले. खानावळीतल्या यादीत दोन्ही नावे दिसली तर त्या दोन वेगळ्या वाइन समजून दोन्ही मागवू नयेत.

गावाबाहेर सहकारी वाइनघराची इमारत आहे. वेर्नर चोल या वास्तुकाराने २०१० मध्ये जुन्या इमारतीला वेलीसारखी हिरव्या पोलादाची जाळी घातली. संस्था १८९८ ची. चाखायला जाताना क्रम पाळावा : आधी साध्या पांढऱ्या, मग हा वाण. आधी हा घेतला तर त्याच्या वासापुढे पुढच्या तीन ग्लासांतले काही कळत नाही. तपमान १० अंशांच्या आसपास असावे. फार गार दिली तर वास दबतो, १४ च्या वर गेली तर अल्कोहोल नाकात जातो.

तिसरा दिवस : ब्रेनर ओलांडून श्टुटगार्ट

आजचा बराचसा दिवस रेल्वेत जातो. बोल्झानोहून म्युनिकपर्यंत चार तास, तिथून श्टुटगार्टला आणखी दोन-अडीच. मध्ये १३७० मीटर उंचीची ब्रेनर खिंड. गावांची नावे घेऊन वेली शतकानुशतके याच वाटेने उत्तरेला गेल्या.

श्टुटगार्टमध्ये पोचल्यावर उपनगरी रेल्वेने ओबरट्युर्कहाइमला जावे आणि तिथून बसने उल्बाखला. जुन्या द्राक्षचरकाच्या इमारतीत शहराचे वाइन संग्रहालय आहे. ते आठवड्याचे सगळे दिवस उघडे नसते, वेळ आधी पाहून घ्यावी. पण खरे पाहायचे ते बाहेरच्या उतारावर. इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा तांबडा वाण म्हणजे ट्रोलिंगर, आणि तो कालचा फेर्नाच आहे. ट्रोलिंगर हे ‘टिरोलिंगर’चे झिजलेले रूप, म्हणजे टिरोलचा. आणि टिरोलमध्ये त्याच्या स्वतःच्या घरी त्याला काय म्हणतात? फेर्नाच, लॅटिन ‘वेर्नाकुलुस’वरून. अर्थ : इथला, घरचा. घरी ज्याला ‘देशी’ म्हणतात तो डोंगर ओलांडला की ‘टिरोलकर’ होतो. हाच वेल पुढे इंग्लंडमध्ये काचघरात वाढवला गेला तो ‘ब्लॅक हॅम्बर्ग’ नावाने. हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात १७६८ मध्ये लावलेला प्रसिद्ध वेल याच वाणाचा आहे. शेजारच्या रांगांतला लेम्बर्गर आज स्लोव्हेनियात असलेल्या लेम्बेर्गवरून नाव घेऊन आला.

ही एक गोष्ट पक्की मनात ठेवली की द्राक्षांची जर्मन नावे वाचताना फसगत होत नाही. नावातले गाव हे जन्मगाव नसते, ते मागच्या मुक्कामाचे गाव असते. ज्याने नाव ठेवले त्याला वेल जिथून मिळाला ते ठिकाण.

चौथा दिवस : रोट उंटर रीटबुर्ग

श्टुटगार्टहून कार्ल्सरूअला जाणाऱ्या वाटेवर फोर्झहाइम लागते. फेर्डिनांड ओक्सले (१७७४-१८५२) इथलाच कारागीर. द्राक्षरसात तरंगणाऱ्या त्याच्या मापकावरून जर्मनीत अजूनही साखर ‘ओक्सले अंशां’त मोजतात. आपल्या ब्रिक्सशी जुळवण्यासाठी चारने, नेमके हवे असेल तर ४.२ ने भागावे. १०० ओक्सले म्हणजे सुमारे २४ ब्रिक्स.

कार्ल्सरूअहून लांडाऊमार्गे नॉयश्टाटकडे जाणाऱ्या प्रादेशिक गाडीने एडेनकोबेनला उतरावे. तिथून रोट उंटर रीटबुर्ग तीन किलोमीटरवर आहे. चालत गेलेले चांगले, सगळी वाट बागांमधून आहे. गावाच्या कडेला ‘रोझेनगार्टेन’ नावाच्या जागेत ट्रामीनरच्या वेलींचा एक जुना पट्टा आहे. तो तीस वर्षांच्या युद्धाच्या आधीचा, म्हणजे सुमारे चारशे वर्षांचा सांगतात आणि अजून फळ देतो. खोडे माणसाच्या मांडीएवढी, पिळलेली, काही पोकळ झालेली. वेलींना हात लावू नये, रस्त्यावरूनच पाहावे. सोळाव्या शतकात हिअरोनिमस बॉक या वनस्पतिशास्त्रज्ञाने याच ऱ्हाइनकाठच्या द्राक्षांमध्ये ट्रामीनरचे नाव नोंदवले. म्हणजे इथे ट्रामीनर जुना आहे. पण ‘गेव्युर्त्स’ हे पद तेव्हा त्याच्यापुढे नव्हते.

या पदाची मुळे बघायला हीच जागा योग्य आहे. जुन्या जर्मनमध्ये ‘वुर्त्स’ म्हणजे औषधी झाडपाला, मूळ. आजचा ‘वुर्त्सेल’ (मूळ) त्यातूनच आला आणि लॅटिन ‘रादिक्स’ त्याचाच दूरचा नातेवाईक. पुढे ‘गे-’ लागतो तो समूह दाखवायला, आणि तो लागला की अनेकदा आतला स्वर बदलतो. ‘बेर्ग’ म्हणजे डोंगर, ‘गेबिर्गे’ म्हणजे डोंगररांग. ‘वास्सर’ म्हणजे पाणी, ‘गेवेस्सर’ म्हणजे जलाशय. तसेच ‘वुर्त्स’चे ‘गेव्युर्त्स’, म्हणजे वासाच्या-चवीच्या झाडपाल्याचा समुदाय. लवंग-दालचिनी या अर्थात नंतर आल्या. मूळ चित्र दुकानातल्या बरणीचे नव्हे, परसातल्या वाफ्याचे आहे. या पफाल्त्स प्रदेशात १५ ऑगस्टला, मेरीच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, कॅथलिक घरांतून झाडपाल्याची जुडी बांधून चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात. त्या जुडीला ‘व्युर्त्सविश’ म्हणतात. जुना अर्थ तिथे जिवंत आहे, कारण जुडीत मसाला नसतो, रानातली औषधी झुडपे असतात.

जर्मनीत ट्रामीनरची लागवड सुमारे हजार हेक्टर, फार नाही. बाटलीवर ‘ट्रामीनर’, ‘रोटर ट्रामीनर’ किंवा ‘गेव्युर्त्सट्रामीनर’ यांपैकी काहीही असू शकते. कायद्याच्या दृष्टीने तो एकच वाण, नावाची निवड बनवणाऱ्याची. सुगंध जास्त असेल तेव्हा लांब नाव लावण्याकडे कल असतो.

बाटली हातात आहेच तर बाकीचे जोडशब्दही फोडून घ्यावेत. ‘श्पेटलेझे’ म्हणजे उशिरा (श्पेट) केलेली तोडणी (लेझे). ‘आउसलेझे’ म्हणजे निवडून केलेली तोडणी. ‘बेरेनआउसलेझे’ म्हणजे एकेक मणी (बेरेन) निवडून. आणि ‘ट्रोकेनबेरेनआउसलेझे’मध्ये पुढे लागलेले ‘ट्रोकेन’ म्हणजे सुकलेले, वेलीवरच बेदाण्यासारखे झालेले मणी. खरेदीत सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते. एकटे ‘ट्रोकेन’ लेबलवर असेल तर वाइनमध्ये गोडवा नाही. तेच ‘ट्रोकेन’ या लांब शब्दाच्या पोटात असेल तर ती सगळ्यात गोड आणि सगळ्यात महाग. विशेषण कशाला लागले आहे ते पाहायचे, वाइनला की मण्याला. ‘लेझे’चे क्रियापद ‘लेझेन’, त्याचे आज दोन अर्थ आहेत : वेचणे आणि वाचणे. मराठीत हे दोन शब्द कानाला इतके जवळ आहेत, तरी त्यांची मुळे वेगळी. जर्मनमध्ये मात्र तो खरोखर एकच शब्द आहे, अक्षरे वेचता वेचता वाचणे झाले.

पाचवा दिवस : दुर्बाख

कार्ल्सरूअला परत येऊन दक्षिणेला ओफेनबुर्ग, तिथून बसने दुर्बाख. काळ्या जंगलाच्या (ब्लॅक फॉरेस्टच्या) पायथ्याचे हे गाव. वर श्टाउफेनबेर्गचा किल्ला, उतार इतके तीव्र की काही ठिकाणी हात टेकून चढावे लागते. तळ ग्रॅनाइटचा आहे. पावसानंतर त्याची भरड वाळू बुटाखाली सरकते, त्यामुळे गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत.

इथे ट्रामीनरला ‘क्लेव्हनर’ म्हणतात. गावोगावच्या यादीत हा शब्द पाहून घोटाळा होतो, कारण जर्मनीत इतरत्र क्लेव्हनर म्हणजे पिनो या दुसऱ्याच द्राक्षकुळातला वाण. दुर्बाखमध्ये तो ट्रामीनर. शब्द ‘क्लेव्हेन’वरून आला, आणि क्लेव्हेन हे उत्तर इटलीतल्या कियाव्हेन्ना गावाचे जर्मन नाव. म्हणजे आल्प्स ओलांडणारी दुसरी एक वाट आणि तिच्यावरचा दुसरा मुक्काम. त्याच वेलीला एका वाटेने आल्यावर ट्रामीनकर म्हटले, दुसऱ्या वाटेने आल्यावर कियाव्हेन्नाकर.

याच गावात रीसलिंगला ‘क्लिंगेलबेर्गर’ म्हणतात. १७८२ मध्ये बाडेनच्या मार्कग्राफ (शासक) कार्ल फ्रीडरिखने क्लिंगेलबेर्ग टेकडीवर नुसती रीसलिंग लावली, त्या टेकडीवरून. दोन्ही एका टेबलावर मागवून शेजारी ठेवावीत. आम्लतेबद्दल दुसऱ्या दिवशी जे म्हटले ते एका घोटात कळते.

सहावा दिवस : हाइलिगेनश्टाइन आणि गेर्टव्हिलर

ओफेनबुर्गहून केलमार्गे ऱ्हाइन ओलांडली की अर्ध्या तासात स्त्रासबुर्ग. तिथून मोल्सहाइम, ओबर्नेवरून बार्रला जाणारी प्रादेशिक गाडी घ्यावी. बार्रहून हाइलिगेनश्टाइन चालत अर्धा तास. हा सगळा प्रदेश म्हणजे आल्सास. तो १८७१ ते १९१८ जर्मन साम्राज्यात होता, आज फ्रान्समध्ये आहे. गावांची नावे जर्मन वळणाची, दुकानातली भाषा फ्रेंच.

हाइलिगेनश्टाइनमध्ये १७४२ साली एरहार्ड व्हांट्स या गावप्रमुखाने कियाव्हेन्नाकडून आलेला वेल लावला. त्यातून ‘क्लेव्हेनर द हाइलिगेनश्टाइन’ हे नाव आले आणि ते फक्त या व लगतच्या गावांतल्या बागांनाच वापरता येते. मधला ‘ए’ नीट वाचावा. ‘क्लेव्हेनर’ हा, आणि आल्सासमध्येच ‘क्लेव्हनर’ म्हटले तर तो पिनो ब्लां. एका मात्रेने बाटली बदलते.

या सहलीत ही बाटली टाळता येणार नाही, कारण ती ‘गेव्युर्त्स’ वगळलेला ट्रामीनर आहे. साल तीच गुलाबी, घड तसाच, पण लिची-गुलाबाचा तो जोरकस दरवळ नाही. चव सौम्य. वाण एकच, त्याचे अवतार तीन. पांढऱ्या मण्याचा सावान्यें, तो फ्रान्सच्या जुरा भागात पिवळ्या वाइनसाठी वापरतात. गुलाबी मण्याचा बिनसुगंधी, तो हा. आणि गुलाबी मण्याचा सुगंधी, तो गेव्युर्त्सट्रामीनर. हे अवतार संकर करून तयार झालेले नाहीत. वेलीच्या एखाद्या डोळ्यात आपोआप बदल होतो, ती काडी वेगळी निघते, कोणीतरी ती निवडून कलमाने वाढवतो. आपल्याकडे थॉमसन सीडलेसमधून तास-ए-गणेश आणि सोनाका असेच निवडले गेले. सुगंधी काड्या वेगळ्या काढून त्यांना ‘गेव्युर्त्स’ हे पद जोडायची रीत आल्सासमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. म्हणजे जोडशब्दाची दोन पदे वयाने सारखी नाहीत. मागचे मध्ययुगातले आहे, पुढचे रेल्वेच्या जमान्यातले.

आणि ट्रामीन हे जन्मस्थान आहे का? फ्रान्समध्ये ओर्लेआं येथे उत्खननात मिळालेल्या सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच्या एका द्राक्षबीचा जनुकीय ठसा आजच्या सावान्यें ब्लांशी तंतोतंत जुळला. हे संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. बाराव्या शतकाच्या आसपास हा वेल ट्रामीनपासून इतका दूर, लुआर नदीकाठी, उभा होता. शिवाय मध्ययुगात उत्तरेकडचे व्यापारी ‘ट्रामीनर’ म्हणत ते वेलीला नव्हे, तिथून आलेल्या वाइनला. पिंपावरचे नाव पुढे रोपाला चिकटले. नाव डोळे मिटून मानले की काय होते त्याचे अलीकडचे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. तिथे स्पेनमधला आल्बारिन्यो म्हणून वर्षानुवर्षे लावलेले वेल २००९ मध्ये तपासणीत सावान्यें निघाले आणि बागायतदारांना लेबले बदलावी लागली.

बागांमधून खाली गेर्टव्हिलरला उतरावे. हे गाव ‘पें देपीस’ या मधाच्या मसालेदार भाकरीसाठी प्रसिद्ध आहे. दालचिनी, बडीशेप, लवंग यांचा वास रस्त्यावर येतो. इथे एक प्रयोग करून बघावा. ही भाकरी हुंगावी, मग गेव्युर्त्सट्रामीनरचा ग्लास हुंगावा. दोन्हींच्या नावात मसाला आहे, नाकात मात्र दोन वेगळी जगे येतात.

सातवा दिवस : बेर्गहाइम

बेर्गहाइमला रेल्वे नाही. सेलेस्टा किंवा कोलमारहून बस आहे, पण फेऱ्या थोड्या, आणि रविवारी त्याही कमी. रविवार असेल तर सेलेस्टाहून सायकल घ्यावी, रस्ता बहुतेक सपाट आहे. तटबंदी अजून जवळजवळ पूर्ण उभी असलेले हे गाव. वरच्या वेशीतून बाहेर पडले की समोर आल्टेनबेर्ग, म्हणजे जुना डोंगर (आल्टेन अधिक बेर्ग, हा जोडशब्द आता स्वतःच फोडता येतो). दक्षिणेकडे तोंड, चुनखडीची चिकणमाती, लोहाने लालसर झालेली. चिकणमाती पाणी धरून ठेवते आणि हा वाण अशाच जमिनीत सगळ्यात भरतो. उन्हाळ्यात पाणी तुटले तर मणी साखर भरतात, सुगंध मात्र मागे राहतो.

बागायतदाराची खरी डोकेदुखी उत्पन्नाची. डोळे लवकर फुटतात म्हणून वसंतातले उशिराचे हिमदव कोवळे फुटवे जाळते. फुलोऱ्यात थंडी-पाऊस आला तर मणी धरत नाहीत, घड विरळ होतात. एका वर्षी भरपूर, दुसऱ्या वर्षी निम्मे, असे चालते. तरीही आल्सासच्या लागवडीत याचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहे.

लेबल बघा. आल्सासमध्ये नावातल्या रोमन ‘u’ या अक्षरावरची दोन टिंबे गेली आहेत. जर्मन बाटलीवर ती असतात, फ्रेंच बाटलीवर नसतात. बाटली कुठली हे दुकानात लांबून ओळखायचा हा सगळ्यात सोपा मार्ग. १९७३ पासून इथे नुसते ‘ट्रामीनर’ लिहिणेही बंद झाले. अपवाद फक्त कालच्या क्लेव्हेनरचा, त्याने आपले वेगळे नाव राखले. गोडव्यासाठी चार शब्द पाहावेत. ‘सेक’ म्हणजे लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर, ‘दमी-सेक’ १२ पर्यंत, ‘म्वालो’ ४५ पर्यंत, त्यावर ‘दू’. या वाणात हे बघणे फार महत्त्वाचे, कारण वास गोड असल्यामुळे नाकाने गोडवा ठरवता येत नाही. सोबत म्युन्स्टर चीज मागवावे. ते उग्र वासाचे असते, वर कॅरवेचे दाणे घालून खातात. मसालेदार भारतीय जेवणाबरोबर ही वाइन घ्यायची असेल तर ‘दमी-सेक’ निवडावी. तिखटाने अल्कोहोलचा दाह वाढतो, थोडी साखर तो शमवते.

भारतात नेताना माणशी २ लिटर मद्य शुल्काशिवाय चालते. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या बसतात, तिसरीने मर्यादा ओलांडते. आल्सासची बाटली उंच आणि सडपातळ असते, नेहमीच्या फुगवायच्या पिशवीत तिची मान बाहेर राहते आणि तिथेच ती फुटते. लांब पिशवी इथल्या दुकानातूनच घ्यावी.

दुकानात मागताना पूर्ण नाव घ्यायची गरज नाही. आल्सासचे लोक तेवढे लांब नाव बोलताना घेतच नाहीत, ‘गेव्युर्त्स’ म्हणतात आणि थांबतात. व्याकरणाने ज्या पदात सगळा अर्थ होता ते ट्रामीनर गळून पडले, नुसते विशेषण उरले. गल्ल्यामागचा माणूस त्यावर लगेच विचारतो, गोड की कोरडी?